गृहकर्जाची निर्जरा



आमचं घराचं कर्ज वीस वर्षांचं होतं, ते नऊ वर्षं आणि एका महिन्यात फिटलं. हे कळल्यापासून मंदिरात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न येतो, "काकू, कसं काय? लॉटरी लागली का?" लॉटरी म्हणजे जुगार आणि जुगार हे सप्तव्यसनांतलं पहिलं, तेव्हा तो मार्ग आपला नव्हे. उत्तर अगदी साधं आहे, पण पंगतीत उभ्या-उभ्या सांगता येत नाही, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे म्हटले की बायका "यांना विचारते" म्हणून उठतात. म्हणून आज बसून लिहिते. वाटाणे सोलता सोलता वाचलंत तरी चालेल, फक्त मधले आकडे गाळू नका.

आम्ही कोळगावला घर घेतलं ते डिसेंबर २०१४ मध्ये. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं मुख्यालय आमच्या कोळगावात, दुग्धविकास विभागाच्या जमिनीवर होणार असं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ च्या एप्रिलपासून, डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली होती. मग काय, पालघर-बोईसर रस्त्यावर फलकच फलक. मुंबईच्या भावात एक खोली मिळणार नाही तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर! एमआयडीसीत नोकरी करणारी कितीतरी माणसं भाड्याच्या घरातून उठून कर्जाच्या घरात गेली, त्यांत आम्हीही. (सिडकोनं बांधलेल्या त्या देखण्या जिल्हा कार्यालयाचं उद्घाटन व्हायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला, पण घरांचे भाव काही तोपर्यंत थांबले नव्हते.)

कर्ज १६ लाख, व्याज दहा टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता १५,४४० रुपये. हे तेव्हा ५३ वर्षांचे होते. त्या वयाला वीस वर्षांची मुदत बँक देत नाही, पण मुलगा नुकताच नोकरीला लागला होता, त्याला सहकर्जदार केला म्हणून मिळाली. सगळे खूश होते. मी त्या रात्री कागदावर एकच बेरीज केली. ५३ अधिक २० म्हणजे ७३. शेवटचा हप्ता पडेल तेव्हा हे ७३ वर्षांचे असणार. आणि नसले तर तो हप्ता मुलाचा.

मी १९८४ ची बी.कॉम. आहे. पदवीचा उपयोग आयुष्यात किराण्याची वही लिहिण्यापलीकडे फारसा झाला नव्हता. पण बँकेनं फेडीचा तक्ता दिला तेव्हा तो मला नीट वाचता आला. पहिल्या हप्त्याच्या १५,४४० रुपयांपैकी १३,३३३ रुपये व्याजात जात होते. मुद्दल कमी होत होती २,१०७ रुपयांनी. दुसऱ्या महिन्यात जरा जास्त, तिसऱ्यात आणखी जरा. वीस वर्षांची बेरीज केली तर १६ लाखांपोटी ३७ लाखांच्या वर जाणार होते.

हे वाचून घाबरायचं कारण नाही, यात बँकेची लबाडीही नाही. शिल्लक मुद्दलीवर महिन्याचं व्याज लागतं, सुरुवातीला मुद्दल मोठी म्हणून व्याज मोठं. हिशेब चोख आहे. पण त्या तक्त्यातच खिडकी आहे. पहिल्याच महिन्यात मी वरचे २,००० रुपये मुद्दलीत भरले, तर पुढच्या महिन्यात जेवढी मुद्दल फिटणार होती जवळपास तेवढी आजच फिटली. म्हणजे तक्त्यातली एक ओळ खाली उडी मारून गेले. आणि शेवटाकडचा एक १५,४४० चा हप्ता जवळजवळ पुसला गेला. आज दोन हजार द्या, वीस वर्षांनी पंधरा हजार देऊ नका. मी यांना तक्ता दाखवला.

हे म्हणाले, "अगं, बँकेला घाई नाही, तुला कसली?"

"अहो, बँकेला घाई नाही म्हणूनच मला आहे."

आता ज्यांना स्वाध्यायाची सवय आहे त्यांच्यासाठी. तक्ता बघताना मला नवव्या अध्यायाचीच आठवण झाली. निर्जरा दोन प्रकारची हे आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकतो. बांधलेलं कर्म आपल्या वेळेला उदयाला येतं, फळ देतं आणि झडतं, ती सविपाक निर्जरा. ती सगळ्याच जीवांची होते, त्यात पुरुषार्थ काही नाही, आणि ती होत असताना नवा बंध चालूच असतो. तपाच्या बळावर वेळेआधी कर्म झाडणं ती अविपाक निर्जरा. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत तिला आंबा-फणसाचा दृष्टांत दिला आहे. झाडावर वेळ घेऊन पिकणारं फळ उपाय करून लवकर पिकवावं तसं. आपल्या भाषेत अढी घालावी तसं.

हप्ता म्हणजे सविपाक. दर महिन्याला थोडं झडतं आणि दर महिन्याला नवं व्याज येऊन बसतं. वरचे दोन हजार म्हणजे अविपाक. आणि त्याआधी संवर हवाच, म्हणजे नवं कर्ज घरात येण्याचं दार बंद. एका हातानं गृहकर्जात जादा भरायचं आणि दुसऱ्या हातानं क्रेडिट कार्डावर फ्रीज आणायचा, याला निर्जरा म्हणत नाहीत. (तत्त्वार्थाला बँकेच्या पासबुकात आणून बसवलं म्हणून कोणी रागावू नका. पैसा हा फक्त दृष्टांत आहे, कर्माचा हिशेब यापेक्षा फार सूक्ष्म आहे, हे मला ठाऊक आहे.)

दोन हजार आणायचे कुठून? हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं. आमच्या घरात ते चातुर्मासातून आलं. त्या वर्षी मी परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला होता. साड्यांची संख्या ठरवली, भांड्यांची ठरवली, सोन्याचीही ठरवली. नियम घेणं सोपं असतं, कारण आपण मर्यादाच इतकी मोठी ठेवतो की ती कधी ओलांडायची वेळ येऊ नये. मी ती आहे त्या संख्येवर बांधली. एक नवी साडी आली तर एक जुनी द्यायची. मग दुकानात पाऊलच जड होतं. न घेतलेल्या साडीचे पैसे मी वहीत "न घेतलं" असं खातं करून लिहायला लागले. हे खातं भराभर वाढतं, करून बघा. दिवाळीचा नवा पडदा, पाहुण्यांसाठी आणखी एक डिनर सेट, पर्समध्ये पर्स. महिन्याला सरासरी दोन हजार सहज निघाले, आणि कोणाच्या ताटातलं काही कमी झालं नाही.

बँकेत मात्र पहिल्या खेपेला खिडकीवरच्या मुलानं सांगितलं, इतकी छोटी रक्कम आम्ही मुद्दलीत घेत नाही. कोणती बँक ते जाऊ दे, नियम प्रत्येकीचे वेगवेगळे असतात. मी तीन महिन्यांचे सहा हजार साठवून नेले, ते घेतले. तुम्ही जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी द्या. रक्कम मुद्दलीत जमा करा. हप्ता तोच ठेवा. मुदत कमी करा. यातली तिसरी फार महत्त्वाची. जादा भरल्यावर बँक दोन प्रकारे हिशेब मांडू शकते, मुदत तीच ठेवून हप्ता कमी, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी. हप्ता शे-दोनशेनं कमी झाला तर ते शे-दोनशे कोथिंबिरीत जातात. मुदत कमी झाली तर वर्षं वाचतात. भरून झाल्यावर नवा तक्ता मागून घ्या आणि शिल्लक मुद्दल डोळ्यांनी बघा.

दंडाची भीती अजूनही पुष्कळ जणींना असते. "लवकर फेडलं तर बँक पैसे कापते." पूर्वी कापत. पण बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ च्या जूनमध्ये बँकांना मनाई केली. आपली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराचीच असतात. स्थिर दराचं असेल तर मात्र करारपत्र आधी वाचा.

आता तुमच्यापैकी ज्यांचं किंवा ज्यांच्या सुना-मुलांचं कर्ज आज चालू आहे त्यांच्यासाठी आजचा हिशेब मांडते. २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता १७,३५६ रुपये. काहीच जादा भरलं नाही तर व्याजच साडेएकवीस लाखांच्या वर जातं. दहा वर्षं इमानदारीनं हप्ते भरल्यावर, म्हणजे अर्धी मुदत संपल्यावर, किती उरलेलं असतं? दहा लाख नाही. जवळजवळ १४ लाख. हा आकडा मी एका ओळखीच्या ताईंना सांगितला तर त्यांनी घरी जाऊन पासबुक काढलं आणि रात्री फोन करून म्हणाल्या, "अहो, खरंच की."

याच कर्जात दर महिन्याला ३,००० जादा भरले, तर ते साधारण १४ वर्षं एका महिन्यात संपतं आणि सव्वासात लाखांच्या वर व्याज वाचतं. दरमहा जमत नसेल, वर्षाला एक हप्ता जादा भरला, बोनस म्हणा, दिवाळीची ओवाळणी म्हणा, तरी साडेतीन वर्षांच्या आसपास कमी होतात. शिवाय जादा कधी भरता याला फार किंमत आहे. एक लाख रुपये पहिल्या वर्षाच्या शेवटी भरले तर शेवटचे २६ हप्ते जातात. तोच लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर जेमतेम साडेआठ हप्ते जातात. लाख तोच आहे. म्हणून "मुलांची शिक्षणं होऊ दे, मग बघू" असं म्हणणाऱ्यांना मी म्हणते, लाख नको, हजार द्या, पण आता द्या.

यात एक गंमत व्याजदराची. दर वाढला की बँक आपल्याला त्रास नको म्हणून हप्ता तोच ठेवते आणि मुदत गुपचूप लांबवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्या मुलांनी करोनाच्या काळात पावणेसात टक्क्यांनी २० लाख घेतले होते त्यांचा हप्ता होता १५,२०७. अडीच टक्के वाढून दर सव्वानऊ झाला तर २० लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच १५,४१७ होतं. म्हणजे नव्या कर्जात हप्ता भरूनही कर्ज वाढतं! अशी मुदत लांबून निवृत्तीच्या पलीकडे गेलेली कर्जं आमच्याच इमारतीत होती. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलला की कर्जदाराला कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, किंवा काही रक्कम आधी भरायची, हे त्याला ठरवू द्या. तो निर्णय आपण घ्यायचा असतो. मोबाईलवर आलेला बँकेचा संदेश "जाहिरात असेल" म्हणून पुसू नका.

आणि दर उतरला की उलट. २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. आता बँकेतून विचारणा येईल, हप्ता कमी करू का? मान हलवू नका. २० लाखांवर साडेआठाचे साडेसात झाले तर हप्ता सव्वा हजारानं उतरतो. तो जुनाच चालू ठेवला तर वीस वर्षांचं कर्ज सतरा वर्षांत येतं, आणि वेगळं काही वाचवावं लागत नाही. न मिळालेल्या पैशांची सवय लागत नाही, हे तर आपल्याला उपवासानं शिकवलंच आहे.

घरात मला तीन बाजूंनी विरोध होता. दीर म्हणाले, एफडी करा. त्यांना मी एका वाक्यात गप्प केलं. बँक तुम्हाला सात देते, त्यावर कर लावते, आणि माझ्याकडून दहा घेते. मग मी माझे पैसे कोणाकडे ठेवू? ओळखीचे कर सल्लागार म्हणाले, व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जाईल. जाऊ दे की. शंभर रुपये व्याज भरून वीस-तीस रुपये कर वाचवायचा, बाकीचे सत्तर-ऐंशी बँकेला. आणि आता नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ती वजावट मिळतही नाही, त्यामुळे ज्यांची मुलं नव्या प्रणालीत आहेत त्यांचा तो मुद्दा उरलाच नाही.

तिसरा विरोध मुलाचा, आणि तो बिनबुडाचा नव्हता. तो म्हणाला, "आई, हेच पैसे एसआयपीत टाकले तर पंधरा वर्षांत बारा टक्क्यांनी वाढतील." कागदावर तो बरोबर असू शकतो. बाजार चढला तर तो जिंकेल. पण कर्जात भरलेल्या रुपयाचं व्याज आजच, नक्की वाचतं, बाजारातला रुपया वाढेल ही आशा आहे. शिवाय त्याच्याकडे तीस वर्षं होती, यांच्याकडे नोकरीची सात. एकाच घरात दोघांची गणितं वेगळी असू शकतात. शेवटी ठरलं, त्यानं त्याच्या पगारातून त्याची एसआयपी करावी, आमच्या वाचलेल्यातून मी कर्जात भरावं. अनेकांतवादाचा एवढा तरी उपयोग घरात व्हायला हवा.

खरी ओढाताण झाली ती मात्र पैशावरून नाही, मानावरून. एका प्रतिष्ठेच्या सोहळ्यात बोली लागणार होती. आमच्या वन्संच्या मनात होतं की घराण्याच्या नावानं एक मोठी बोली घ्यावी. हे तयार होते. पैसे नव्हते, पण "वैयक्तिक कर्ज लगेच मिळतं, दोन वर्षांत फेडू." मी नाही म्हणाले. वन्सं रागावल्या, "धर्माच्या कामात हात आखडता घेतेस?" मी चार दिवस नीट जेवले नाही. दान हे श्रावकाच्या सहा नित्यकर्मांतलं एक, ते टाळायचं कसं? पण दान म्हणजे जे आपलं आहे ते सोडणं. जे बँकेचं आहे ते कसं सोडू? मी वन्संना म्हटलं, "कर्ज काढून घेतलेली बोली बँक बोलते, आपण नाही." त्या वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलल्या. आहारदानाचा आमचा वाटा मात्र आम्ही एकाही चातुर्मासात चुकवला नाही, वहीत त्याचं खातं कर्जाच्या वर होतं. मी याबद्दल एका माताजींना नंतर विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, शक्ती बघून करावं. "शक्तितः त्याग" हा शब्द आपण सोळाकारण भावनेत रोज म्हणतो, त्यातल्या "शक्तितः" कडे आपलं लक्ष नसतं.

२०१७ पासून यांची वेतनवाढ झाल्यावर दोनाचे पाच हजार केले, आणि दर दिवाळीला बोनसमधले पंचवीस हजार. मध्यंतरी जुन्या पद्धतीचा दर महाग पडतोय हे कळल्यावर थोडं शुल्क भरून तो नव्या पद्धतीत बदलून घेतला. हेही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जुन्या ग्राहकाचा दर नव्या ग्राहकापेक्षा जास्त राहतो, हे जसं दूधवाल्याकडे तसंच बँकेत.

मग २०२० आलं. तारापूरचे कारखाने थंड पडले. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. पुष्कळ जणांना वाटलं माफ झाले. माफ नव्हते, त्या सहा महिन्यांचं व्याज चढतच होतं. ज्यांना पगारच नव्हता त्यांना ती सवलत देवासारखी होती, त्यांनी घेतली ते बरोबरच. आम्ही घेतली नाही, मात्र जादा भरणं थांबवलं. खर्चही आपोआप उतरला होता, ती आमची अकाम निर्जरा.

एप्रिल २०२१ मध्ये यांना करोना झाला. बोईसरच्या एका रुग्णालयात बारा दिवस होते, त्यातले पाच प्राणवायूवर. आत जाता येत नव्हतं. मी घरी णमोकाराची माळ घेऊन बसायची आणि मधेच मन कुठे जायचं ते तुम्हाला सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. मन कर्जाच्या तक्त्यावर जायचं. शिल्लक सव्वासात लाख होती. काही जादा भरलं नसतं तर बारा-तेरा लाख असती. मी स्वतःची लाज वाटून पुन्हा माळ सुरुवातीपासून घ्यायची. पण सव्वासात लाख हा आकडा मला त्या दिवसांत आधारासारखा होता, हेही खरं. सव्वासात लाखांचं ओझं मुलगा पेलू शकला असता.

रुग्णालयाचं बिल कर्जखात्यातून मिळालं नाही, मिळणार नव्हतंच. ही गोष्ट ठळक अक्षरात लिहावीशी वाटते. कर्जात भरलेला पैसा परत निघत नाही. आणि तुम्ही लाखभर जादा भरले असले तरी पुढच्या महिन्याचा हप्ता चुकवता येत नाही, जादा भरणं म्हणजे आगाऊ हप्ता नव्हे. आमचं बिल भागलं ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढ्या वेगळ्या एफडीतून, जिला मी पहिल्या दिवसापासून हात लावू दिला नव्हता. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी उत्साहाच्या भरात होतं नव्हतं ते सगळं कर्जात भरलं होतं. त्याच महिन्यात त्यांच्या सासूबाई पडल्या आणि त्यांना बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या, गृहकर्जापेक्षा महाग व्याजानं. तेव्हा आधी गंगाजळी, आधी आरोग्याचा विमा, आणि जे महाग कर्ज असेल ते, क्रेडिट कार्डाचं, वैयक्तिक, सोन्यावरचं. त्यानंतर घराचं. हातात पैसा खेळता हवा असेल तर ओव्हरड्राफ्टच्या स्वरूपाचं गृहकर्जही काही बँकांत मिळतं, त्यात जादा ठेवलेली रक्कम गरजेला काढता येते. पण त्याचा दर जरा जास्त असतो आणि मोहही.

हे बरे झाले. त्याच वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले दीड लाख भरले, पुढचे हप्ते मुलानं उचलले. जानेवारी २०२४ मध्ये उरलेले एक लाख चाळीस हजार एकरकमी भरून खातं बंद केलं.

खातं बंद केल्यावर काम संपत नाही, निम्म्या बायका इथेच फसतात. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. कर्ज घेताना दिलेल्या मूळ कागदांची यादी तुमच्याकडे असायला हवी, नसेल तर आजच मागून घ्या. त्या यादीप्रमाणे एकेक कागद मोजून ताब्यात घ्या, नोंदणीकृत करारनामा, मुद्रांक, पावत्या, सोसायटीची पत्रं. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद परत केले पाहिजेत, आणि तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई दिली पाहिजे. आमचे कागद तेविसाव्या दिवशी मिळाले. घरावरचा बोजा केंद्रीय नोंदणीतून काढला का ते विचारा. बोजाची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवली असेल तर तीही रद्द करून घ्या. दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून कर्ज बंद दिसतंय का ते बघा. कर्जाबरोबर विमा गळ्यात मारला असेल आणि त्याचा हप्ता एकदाच भरून घेतला असेल, तर उरलेल्या काळाचं काही परत मिळतं का हेही विचारायला लाजू नका.

आता कोळगावात पुन्हा फलक लागलेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय, आणि दलाल येऊन सांगतात, "काकू, आता तुमच्यावर कर्ज नाही, दुसरा फ्लॅट लगेच मंजूर होईल." यांचे डोळे जरा चमकले, हे मी पाहिलं. मी आतून नियमांची वही आणली. २०१५ च्या चातुर्मासात मी त्यात वास्तू या सदरापुढे "१" लिहून ठेवलं होतं, खाली दोघांच्या सह्या आहेत. यांनी वही वाचली, चष्मा काढला आणि दलालाला म्हणाले, "चहा घेणार का? साडेसहा वाजत आले, सूर्यास्तानंतर आमच्याकडे काही मिळत नाही."